पांढऱ्या आठ रेघा

वाचकहो, पुढील ओळींत मी माझ्या हातून घडलेल्या एका प्रमादाचे यथातथ्य निवेदन करणार आहे. शिक्षण माझे सातवीपर्यंतच. तथापि शब्दांची जुळणी घट्ट करण्याचा यत्न केला आहे.

माझी ताई व दाजी यांनी गाडीमागे ओढून न्यावयाचे एक चाकांचे घर विकत घेतले. त्याच्या पोलादी सांगाड्याखाली दोनशे लिटरची पाण्याची टाकी टांगण्याचे कार्य मजकडे आले. उजवीकडे चार बोल्ट, डावीकडे चार. आमच्या धंद्याचा एक दंडक आहे. नट पूर्ण आवळल्यावरच नटापासून सांगाड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढावयाची. नट फिरला की रेघ तुटते, आणि पाहणारा सावध होतो.

उजवी बाजू मी नियमाने केली. डावीकडचे नट मात्र नुसते बोटांनी बसवले होते. डबीतला रंग सुकू लागला, म्हणून रेघा आधीच ओढून टाकल्या. तितक्यात दाजींनी गाडी जोडावयाच्या पुढच्या हुकाशी हाक मारली. परतलो तो आठही रेघा समोर दिसल्या, आणि काम संपले असे मी समजलो.

"मेहुणे, रस्त्यात टाकी सांडणार नाही ना?" दाजींनी निघताना विचारले.

"टाकी सांडेल एक वेळ, पण तुमची बडबड काही थांबायची नाही," ताई म्हणाली.

मीही हसलो. ते हास्य आजही माझ्या कानांस टोचते.

दोन तासांनी मी हत्यारे पुसावयास बसलो. नटावर चढवून फिरवावयाची गोटी आतून स्वच्छ होती. माझा हात तेथेच थांबला. डावीकडच्या ओल्या रेघांवरून ती फिरली असती, तर आत पांढरा रंग लागला असता. मी पुन्हा पुसली. फडक्यावर केवळ काळे तेल आले.

मी फोन लावला.

"ताई, गाडी थांबवा!"

"अरे, उताराला लागलोय. मघाशी पेट्रोल भरताना पाहिलं मी, आठही रेघा सरळ होत्या."

"डावीकडच्या खोट्या आहेत! थांबवा म्हणतो ना!"

गाडी थांबली. दार उघडले. खडीवर ताईची पावले वाजली.

"आप्पा, डावीकडे दोनच नट आहेत रे. त्यातला एक नुसता लोंबतोय. टाकीखाली शिरून हाताने फिरवू का?"

"हात लावू नकोस! बाहेर नीघ, ताई! आधी बाहेर नीघ!"

लोखंड करकरले, जड काहीतरी आदळले, आणि मग पाणी वाहण्याचा आवाज दीर्घकाळ येत राहिला. मी हाका मारीत होतो.

"आहे रे," ती अखेरीस म्हणाली. "चप्पल टाकीखाली राहिली."

ती चपटी झालेली चप्पल दाजींनी मला आणून दिली. एवढे बडबडे दाजी, परंतु एक शब्दही बोलले नाहीत. ती मी हत्यारांच्या फळीवर गोटीशेजारी टांगली आहे. रंगाची डबी उघडण्यापूर्वी तिच्याकडे पाहतो, आणि प्रत्येक नटास पुन्हा पाना लावतो.

येथवर आपण वाचलेत, याबद्दल मी आपणां सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
आप्पा फिटर