पट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी साठवणपेटी आहे. नाव ऐकून कपड्यांची ट्रंक डोळ्यांसमोर आणू नका. मी बुटांच्या खोक्याहून लहान, रंगाने काळी, पोटात दोन डिस्क आणि पाठीला वायर. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या फायली एका जागी सांभाळायच्या, एवढंच माझं काम.

मी या घरात आले ती एका घोटाळ्यामुळे. बाबा इमारतींचे नकाशे काढत, त्यांचा कॉम्प्युटर विंडोजचा. आई शाळेत शिकवायची, तिचा मॅक. ताईने स्वतः जोडलेल्या कॉम्प्युटरवर लिनक्स. तिघांची तोंडं तीन दिशांना! एकदा बाबांनी आईचा ड्राइव्ह आपल्या कॉम्प्युटरला लावला. ‘आधी फॉरमॅट करा’ असं पडद्यावर आलं आणि बाबांनी आज्ञाधारकपणे केलं. आईच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पुसल्या गेल्या. पुढचे तीन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती.

मग सगळे दुकानात आले. दुकानदार चार डिस्कची चकचकीत पेटी पुढे करत होता. ताईने एकच विचारलं, "आमच्या तिन्ही कॉम्प्युटरांना ही सारखीच उघडता येईल ना?" दुकानदाराने डोकं खाजवलं आणि खालच्या फळीवरून मला काढलं. "ही दिसायला साधी आहे, पण सगळ्यांशी जमवून घेते. एका डिस्कवर जाईल तेच दुसरीवरही जाईल."

पहिली वर्षं माझं कौतुक काय सांगू! आलागेला प्रत्येकजण मला पाहून जाई.

मग आईच्या घशाचा आजार निघाला. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई घाबरली, पण रडत बसली नाही. बारा दिवस रोज दुपारी ती माइकसमोर बसली. गोष्टी वाचल्या, ताईला लाडाने हाका मारल्या, बाबांना दटावलंसुद्धा. त्या फायली माझ्याकडे आल्या. "पेटीत आहेत ना, मग झालं," म्हणून ताईने आपल्याकडच्या पुसल्या. जगात आईचा आवाज आता फक्त माझ्या पोटात होता.

आई पाटीवर लिहून बोलू लागली. त्या फायली उघडायचा धीर मात्र कुणाला झाला नाही.

काही वर्षांनी माझी एक डिस्क गेली. मी लाल दिवा लावला, टीं टीं करून हाका मारल्या. बाबा त्याच खोलीत दुपारी आडवे होत. "काय पिरपिर लावलीय हिने!" म्हणत त्यांनी माझा आवाज बंद केला आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. मला राग आला नाही, असं मी म्हणणार नाही. सात महिने मी एका डिस्कवर तग धरला. मग तीही कुरकुरू लागली.

एक दिवस आई धूळ पुसायला आली. तिचा हात थांबला. तिने माझ्या पाठीला कान लावला, मग नखाने पट्टी सोलली. पाटीवर तिने लिहिलं, "अहो, ही कधीपासून सांगतेय?"

बाबांचा चेहरा उतरला. "सात महिने झाले असतील. मला वाटलं, उगाच..."

ताई धावत नवी डिस्क घेऊन आली. सगळं उतरवून घ्यायला एकोणीस तास लागले. बाबा स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले ते हललेच नाहीत. "माझ्या हातून तुझा आवाज गेला असता गं," ते आईला म्हणाले. आईने लिहिलं, "गेला नाही ना? चहा घ्या."

दिवा हिरवा झाला. ताईने आणखी एक प्रत काढून मावशीकडे नेऊन ठेवली. मग बाबांनी पहिली फाइल उघडली.

"अहो, ऐकताय ना? की लागली डुलकी?"

"ऐकतोय गं, ऐकतोय," बाबा म्हणाले आणि रडू लागले. शेजारी आई खांदे हलवत हसत होती.

मित्रांनो, आम्ही यंत्रं आज ना उद्या थकणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्या माणसांचं जे एकाच जागी ठेवलं असेल, ते आजच दुसरीकडेही ठेवा. आणि घरात कुणी लाल दिवा लावला, तर पट्टी शोधू नका. आधी जवळ जाऊन कान लावा.