मनुबाईनं ओळखलेला गोळा

विठ्ठलवाडीत परशुरामबाबाच्या मांडवात दर गुरुवारी मुंगी शिरायला जागा नसे. बाबा रोग्याच्या उघड्या पोटावर दाढी टेकवून जोर लावून चोखायचा आणि कुंकवाच्या पाण्यानं भरलेल्या ताटात सुपारीएवढा गोळा थुंकायचा. "ही बघा करणी! डॉक्टरच्या मशीनला दिसली नाही, बाबाला दिसली!" एवढं दिसणाऱ्या या महापुरुषाला चष्म्याशिवाय ताट मात्र सापडत नसे.

सत्त्याऐंशी सालच्या एका गुरुवारी त्या ताटापुढे कान्हा निजला होता. कळव्याच्या कोळीवाड्यातला, चोवीस वर्षांचा, माझा पेशंट. त्याची आई मनुबाई खाडीची मासळी विकायची.

वर्षभर त्याला संडासला डांबरासारखं काळं होई; आत कुठेतरी रक्त झिरपत होतं. जठरात दुर्बीण घातली, काही नाही. शेवटी बेरियमचं पांढरं औषध पाजून एक्स-रे फोटो काढले, तेव्हा लहान आतड्यात लिंबाएवढी गुळगुळीत गाठ दिसली. तिथं अशी गाठ फार क्वचित सापडते. सर्जन म्हणाले, "बहुतेक साधीच आहे, कॅन्सर नाही. तेवढा तुकडा कापून आतडं जोडलं की पोरगा खडखडीत बरा."

ऑपरेशनच्या दिवशी कान्हा आलाच नाही. मी घरी गेलो.

"आता पोट कशाला फाडायचं? बाबानी गाठ काढली," मनुबाई म्हणाली. "आठ दिस झालं, काला पडायचं बंद!"

"अहो, अशी गाठ थांबून थांबून वाहते. रक्त थांबलं म्हणजे गाठ गेली असं नाही."

कान्हा हसला. "डॉक्टर, भूक पण लागते आता."

"मग मरा!" म्हणून मी तडक निघून आलो. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

दहा दिवसांनी पुन्हा रक्त सुटलं. हॉस्पिटलात आणेपर्यंत अंग पांढरंफटक पडलं होतं. कान्हा टेबलावरच गेला. काढलेली गाठ तपासली. साधीच निघाली.

बाराव्यानंतर मनुबाई दवाखान्यात आली. तिनं पाटीतून बोईट मासा काढला, कागदावर चिरला आणि प्रत्येक बोईटाच्या पोटात असतो तो जठराचा कडक, गोल गोळा माझ्यापुढे ठेवला.

"बाबाच्या ताटात हाच होता. गालात धरून आलेला. गाल फुगलेला मी बघितलेला."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"पोरगा हसला, डाक्टर. वरसानं हसला. मना वाटलं, माझंच चुकत असेल."

मी तिच्यापुढे ढसाढसा रडलो.

पुढच्या गुरुवारी ती भर मांडवात गेली आणि बाबाच्या ताटाशेजारी तसाच मासा चिरला. दोन्ही गोळे सारखे. बाबा शाप देत राहिला, पण पोटाशी पोर धरून बसलेली एक बाई उठली आणि थेट माझ्या दवाखान्यात आली.

मायबापहो, डोळ्यांना दिसलेलं आशेपोटी नाकारू नका. शंका आली की तोंडावर विचारा. आणि डॉक्टरांनो, रागावून पेशंटच्या दारातून परत फिरू नका. मी आणखी तासभर बसलो असतो, तर कान्हा कदाचित वाचला असता.