खोटा गांधार

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, मित्रांनो, गाण्याच्या साथीची. खामगावच्या एका महाविद्यालयात, संगीत विभागाच्या खिडकीखाली माझी जागा आहे.

माझे अंग सागवानी. पोटात पितळी पात्यांची रांग आहे. भात्याने वारा घातला, की ती थरथरतात आणि सूर निघतो. मी नवी होते तेव्हा माझा षड्ज ऐकून लोक बोलता बोलता थांबत. माझ्यावर शिकलेल्या मुली मेहकर-चिखलीच्या शाळांत शिक्षिका झाल्या. भेटायला आल्या, की आधी मला नमस्कार करीत.

पुढे जवळच्या जिनिंगच्या कारखान्यातून उडणारा कापूस माझ्या पोटात साचू लागला. दमट हवेने लाकूड फुगले, पाती झिजली. कोमल गांधार घोगरा झाला. तीव्र मध्यमाची पट्टी दाबताच 'टक्' वाजू लागली. धैवतातून वारा निसटे. दुरुस्तीचे बोलणे दर वर्षी निघे आणि दर वर्षी राहून जाई.

अशात उंद्रीहून धम्मशीला शिकायला आली. गावच्या विहारात वंदना म्हणताना तिचा गळा ऐकून घरच्यांनी तिला इकडे धाडले होते. थाट, श्रुती, रागांचे नियम तिने भराभर पाठ केले. गाडी अडली ती स्वरज्ञानाच्या तासाला. त्या तासाला मुले माझ्याकडे पाठ करून बसत. निवेदिता मॅडम एक पट्टी दाबत आणि तो सूर मुलांनी नुसत्या कानाने ओळखायचा. लहानपणापासून गाणे शिकलेली मुले पटकन सांगत. धम्मशीला मान खाली घालून बसे.

मग हळूहळू तिची उत्तरे बरोबर येऊ लागली. पुढे तर एकही चुकेना.

"कोमल गांधार कसा ओळखलास गं?" मॅडमनी एकदा विचारले.

"त्याचा गळा भरून आल्यासारखा लागते, मॅडम."

मॅडम हरखल्या. "पाहा, हिला सुराचा स्वभाव कळतो," त्या वर्गाला म्हणाल्या.

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले, की पोरी, तो गांधाराचा स्वभाव नव्हे, तो माझा आजार आहे. पण कुणी पट्टी दाबल्याशिवाय मला तोंड नाही. आणि दाबली, की निघे तो खोटाच सूर.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांच्यासाठी विभागाने नवी कोरी पेटी मागवली आणि मला भिंतीकडे सरकवले. धम्मशीला पाठ करून बसली. परीक्षकांनी सूर दिला. ती गप्प. दुसरा दिला. तरी गप्प. मागून मला तिची ताठरलेली मान तेवढी दिसत होती.

"ऐकू येतंय ना?" त्यांनी विचारले.

"येते सर. पण सगळे सारखेच लागून राह्यले."

ती नापास झाली. मॅडमनी वर्षभर फुकटचे गुण वाटले, असे मुले उघड बोलू लागली. वसतिगृहातली तिची जागा गेली. आई, जनकाबाई, न्यायला आली तेव्हा धम्मशीला सामान सोडून इथे माझ्यापाशी बसली होती.

"चाल माय," आई म्हणाली. "नशिबात नाई म्हनाचं अन् चालाचं."

"थांब जरा. मले पाहू दे, काऊन नाई आलं ते."

तिने नवी पेटी वाजवली, मग मला. एकेक पट्टी, पुन्हा पुन्हा. मग भाता न हलवता माझा तीव्र मध्यम दाबला. सूर निघाला नाही. नुसते 'टक्' वाजले. तिचा हात तिथेच राहिला. तेवढ्यात मॅडम दारात आल्या.

"मी सूर ओळखतच नव्हते, मॅडम," ती म्हणाली. "मी हिचं दुखनं ओळखत होते."

मॅडमनी दोन्ही पेट्यांचा गांधार वाजवून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "मला नव्या पेटीचाच गांधार चुकल्यासारखा वाटतोय," त्या हळूच म्हणाल्या. "हिच्यावर शिकवता शिकवता माझाही कान गेला गं." मग त्या जनकाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "हिला नेऊ नका. शिकवणारीच चुकली."

जनकाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली. "बसनं ये-जा करशीन?" तिने लेकीला विचारले.

"हाव."

धम्मशीलाचे वर्ष वाया गेले. आता ती रोज उंद्रीहून बसने येते. वर्ग सुटला, की ती आणि मॅडम आळीपाळीने नव्या पेटीकडे पाठ करून बसतात. एकीने पट्टी दाबायची, दुसरीने ओळखायचे. दोघीही चुकतात. काल धम्मशीला भिंतीला डोके टेकवून म्हणाली, "मॅडम, जे शिकले ते विसराले किती दिवस लागतीन?" मॅडमनी पुढची पट्टी दाबली.

मित्रांनो, लाकूड फुगले, पाते झिजले, तर वाद्याला त्याच वेळी कारागिराकडे न्या. आमचे दुखणे आमच्यापाशी थांबत नाही. शिकणाऱ्याच्या कानात उतरते आणि तिथून ते काढायला कोणताही कारागीर नाही.

धम्मशीला आता गांधार लावते आहे. तिचा आवाज थरथरतो, थांबतो, पुन्हा लागतो. तो बरोबर लागला का, हे जाणून घ्यायला मी तडफडते. पण मला ते कळत नाही. ताडून पाहायला माझ्यापाशी खरा सूरच उरलेला नाही.