बेचाळीस मिनिटं

व्हर्लिन ह्रुस्कानं चेक टेबलावर आपटला तसा पेनांचा डबा कलंडला आणि दोन पेनं घरंगळत ॲनेट शोग्रेन वकीलबाईंच्या मांडीवर पडली.

"हे काय पाठवलंय?"

"तुमचे उरलेले पैसे, मिस्टर ह्रुस्का. सोबत हिशोब आहे."

"वाचलाय हिशोब!" त्यानं खिशातून चुरगळलेला कागद काढला. "चार हजार डॉलर भरले होते मी. दोन कालवडी विकून. आणि तुम्ही कापले किती? एकशे चाळीस! म्हणे, अशिलाशी चर्चा, बेचाळीस मिनिटं. माझ्या पोरासाठी बेचाळीस मिनिटं?"

"तेवढंच काम झालं होतं."

ते खरंच होतं. त्याच्या पोरावर, ट्रॅव्हिसवर, आरोप होता सहकारी संस्थेच्या टाकीतून डिझेल चोरल्याचा. व्हर्लिननंच त्याला दंडाला धरून या जिन्यावरून वर आणलं होतं. बाईंनी बापाला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. पोरगा बाहेर आला तेव्हा रडून त्याचे डोळे लाल झाले होते. घरी जाईपर्यंत गाडीत एक अक्षर बोलला नाही. पुढे नवव्या दिवशी बर्फावरून त्याची गाडी घसरली, नाल्यात गेली आणि तो जागीच संपला. त्या नऊ दिवसांत बापलेकांत 'मिठाची डबी दे'पलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"ठेवा ते पैसे," व्हर्लिन म्हणाला. "मी परत मागितले का?"

"मला ठेवता येत नाहीत. काम करीपर्यंत ते माझे नसतातच. वेगळ्या खात्यात पडून असतात, तुमचे म्हणून."

"मग काम करा! लढा की त्याची केस!"

"कोर्टानं ती बंद केली."

व्हर्लिनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. या बाईनं पैसे खाल्ले असते तर बरं झालं असतं. गावभर तिच्या नावानं शंख करता आला असता.

"बरं, मग ज्याचे एकशे चाळीस घेतलेत, ते तरी द्या. काय म्हणाला तो आत?"

"ते सांगता येणार नाही."

"मी पैसे भरलेत!"

"तुम्ही भरलेत. पण अशील तो होता."

"अहो, मेला तो!"

"तरीही नाही."

"बाप आहे मी त्याचा! एवढं तरी सांगा, चोरी केली होती का त्यानं?"

बाईंनी मांडीवरची पेनं उचलून डब्यात ठेवली. व्हर्लिननं खुर्चीला लाथ घातली. ती भिंतीवर आदळून आडवी झाली. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातला रेडिओ बंद झाला. कुणीतरी वर कान लावले असणार. व्हर्लिन धापा टाकत उभा राहिला. मग स्वतःच वाकून त्यानं खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसला.

"म्हणजे इथं कुणी काही बोललं, की ते बाहेर जात नाही."

"अशिलाचं असेल, तर नाही."

"अशिलाच्या बायकोलासुद्धा नाही?"

"नाही."

त्यानं चेक बोटानं बाईंकडे सरकवला. "मग आता मी तुमचा अशील. घ्या."

"बोलण्यासाठी अगाऊ पैसे लागत नाहीत." बाईंनी चेक परत त्याच्यासमोर ठेवला, उठून दार लावलं आणि येऊन बसल्या. "बोला."

व्हर्लिनला शब्द जुळवायला वेळ लागला. वर्षानुवर्षं गंजलेला नट फिरवावा तसा त्याचा जबडा हलत होता.

"शेरीफला फोन मी केला होता. गोठ्यामागं डिझेलची पिंपं पाहिली. वाटलं, एकदा घाबरेल, सुधारेल. बायकोला, लोरीनला, ठाऊक नाही. कुणालाच नाही." त्यानं मान वर केली. आता त्याच्या आवाजात धार नव्हती. "पण त्याला? त्याला माहीत होतं का?"

बाईंचे ओठ किंचित विलगले आणि पुन्हा मिटले.

व्हर्लिन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आभाळाकडे बघून पाऊस जोखावा तसा. त्यांनी नजर काढून घेतली नाही. त्यांच्या हातात तेवढंच होतं.