तेवीस क्रमांकाची चावीवाली

"परत माझ्याच खुर्चीचं चाक काढून नेलंय कुणीतरी," सर मॅडमच्या कानाशी पुटपुटले. "या विभागात माणूस सरळ बसेल तर शपथ."

"बसा हो त्या स्टुलावर. पाच मिनिटांचं तर काम," विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या.

पाच मिनिटांचं काम म्हणजे एक सही. राज्यशास्त्राच्या विभागात सहा वर्षं घासल्यावर थोरली आज प्रबंध जमा करणार होती. थोरली हे नाव टक्केनं पाडलेलं. टक्के म्हणजे तिच्या समोरच्या टेबलावर पीएच.डी. करणारा मुलगा, आमटीतलं मीठसुद्धा टक्केवारीत सांगणारा. साक्षीदार म्हणून त्यालाही बोलावून घेतलं होतं.

कागद साधाच होता. मुलाखतींची सगळी ध्वनिमुद्रणं नष्ट केली, असं त्यावर छापलेलं. बोलणाऱ्या माणसाचं नाव बाहेर फुटू नये म्हणून केलेला नियम, आणि नियम चांगलाच होता. थोरलीचा लॅपटॉप मॅडमच्या टेबलावर उघडा होता. त्यात एक्केचाळीस फायली.

तिचा विषय निवडणुकीतला दबाव. त्यासाठी ती एका लहान शहरात दोन उन्हाळे राहिली. लोक तिच्याशी बोलले, कारण ती मध्ये तोंड घालायची नाही आणि जेवल्यावर स्वतःचं ताट घासून ठेवायची. त्यांतली तेवीस क्रमांकाची बाई नगरपालिकेची चावीवाली. पहाटे हातभर लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायची आणि गल्लोगल्ली व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायची. मतदानाआधी चार दिवस कुठल्या गल्लीचं पाणी तोडलं, कुणाच्या सांगण्यावरून तोडलं, हे तिनं तासभर सांगितलं होतं. नावं घेऊन.

थोरलीनं या मुलाखतींवर एक लेख लिहिला, तेव्हा तिचं नाव बदललं. कोण कोण बोललं त्याच्या तक्त्यात नुसतं 'स्त्री, पालिका कर्मचारी' टाकलं. सर तिचे मार्गदर्शक, त्यांनी ते लाल पेनानं खोडलं. "अगं, कर्मचारी ढिगानं असतात. वाचणाऱ्याला माणूस दिसू दे की!" थोरलीला पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. तिनं लिहिलं, 'स्त्री, वय सत्तेचाळीस, चावीवाली.' लेख गाजला. वर्तमानपत्रानं तक्त्यासकट उचलला, विभागात टाळ्या पडल्या.

त्या शहरात चावीवाले अकरा होते. चावीवाली एकच.

दोन महिन्यांनी ती पाण्याच्या टाकीत सापडली. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. विभागात सगळे 'ती दुर्दैवी घटना' म्हणत, आणि म्हणताना चहाच्या कपात बघत.

"कर गं सही," सर म्हणाले. "चौथं प्रकरण काय सुरेख उतरलंय तुझं. परीक्षकसुद्धा ठरलेत."

"पुसायच्याच का फायली, सर?"

"नियम आहे बाई. त्या लोकांच्याच भल्यासाठी."

"एकीचं भलं शून्य टक्के उरलंय," टक्के म्हणाला. कुणी हसलं नाही. हसावं म्हणून तो बोललाही नव्हता.

"तू गप्प रे!" मॅडम त्याच्यावर खेकसल्या आणि आवाज मऊ करून थोरलीकडे वळल्या. "लेकीसारखी आहेस म्हणून सांगते. उद्या चौकशी बसली, तर पहिला प्रश्न तक्त्याचा येईल. प्रबंध अडकेल. सरांची निवृत्ती तोंडावर आलीय. गेलेली बाई काही परत यायची नाही."

"आणि आहे काय त्या ध्वनिमुद्रणात?" सर म्हणाले. "ऐकीव गोष्टी."

"ऐकीव कशा, सर? व्हॉल्व्ह तिनंच बंद केला होता."

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. स्वच्छच होता.

थोरलीनं पेन उचललं. तिच्या धाकट्या बहिणीला दोन मुलं झाली होती, आणि आई अजून शेजारणींना 'आमची मोठी यंदा नक्की डॉक्टर होणार' असं सांगत होती. यंदाचं हे तिसरं यंदा. तिनं नावाचं पहिलं अक्षर काढलं आणि तिथंच थांबली.

"तिच्या मुलीचा फोन आला होता मला. रविवारी."

"कुणाच्या?" मॅडमनी विचारलं. त्यांना कळलं होतं.

"तेवीस क्रमांकाच्या. म्हणाली, ताई, आईनं तुम्हाला काही सांगितलं होतं का? कुणाचं नाव घेतलं होतं का? पोलीस म्हणतात, तुझ्याकडे पुरावा नाही. शुक्रवारी फाइल बंद करणार आहेत."

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बुधवार होता. चौघांनीही तो पाहिला.

"मग तू काय सांगितलंस?" सरांनी विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं. गोपनीयता आहे ना, सर. म्हटलं, पाणी किती वाजता येतं एवढंच बोललो आम्ही." थोरलीनं पेन खाली ठेवलं. "ती म्हणाली, उगाच त्रास दिला ताई, माफ करा. मला म्हणाली माफ करा."

"बरोबरच उत्तर दिलंस तू," सर म्हणाले.

मॅडमनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "सगळ्या फायली निवडून ठेवल्यात. एक बटण दाब, आणि मोकळी हो. आपण सगळेच मोकळे होऊ."

टक्केनं साक्षीदाराच्या सहीसाठी हातात घेतलेलं पेन टोपण लावून खिशात टाकलं.

थोरलीनं लॅपटॉप मिटला आणि उठून दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"ती दुर्दैवी घटना नव्हती, मॅडम. तिला मारलं. आणि कुणाला मारायचं, ते आपण छापून दिलं."