फक्त पाहण्याची मुभा

हेकरू माशाच्या पिल्लाचं तोंड तिसऱ्या दिवशी उघडतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते नीट दिसतं: आधी डोळ्यांत काळा रंग भरतो, मग जबड्याची एक फट हलायला लागते. दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढी ती फट. पोटाखाली बलकाचा थेंब असतो. तो संपायच्या आत त्या फटीत मावेल असं काही पोटात गेलं नाही, तर पिल्लू तळाला जातं.

त्या सकाळी चार नंबरच्या टाकीतल्या पिल्लांचे डोळे काळे झाले होते. आमच्याकडे रोटिफर, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पाण्यातले जीव, गाळून पहिलं खाद्य देतात. कोणत्या मादीच्या पिल्लांना कोणत्या जाळीतून गाळलेले द्यायचे, किती दाट द्यायचे, हे मादीगणिक बदलतं. चार नंबरची मादी लहान अंडी घालते. तिच्या आधीच्या सगळ्या खेपांचे आकडे माझ्या फोल्डरमध्ये होते.

मी फोल्डरवर टिचकी मारली. ‘या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही.’

नवा कॉम्प्युटर आदल्या दिवशी सुरू झाला होता. देवळातून सासऱ्यांनी सकाळी नऊचा मुहूर्त काढून आणला होता. जुन्या मशीनमधली डिस्क काढून नव्यात बसवायची होती. मी म्हणाले होते, "बाबा, दुपारपर्यंत थांबा. जुन्या मशीनवरच सगळी परवानगी मोकळी करते, मग डिस्क काढू."

"मुहूर्त काय तुझ्यासाठी थांबणार आहे?" सासरे म्हणाले. नऊला कळ दाबली, उदबत्ती लावली, वर हिरव्या पाकिटातला नारळाचा खाऊ ठेवला. पाकीट हिरवंच ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, असं तैवानमध्ये पिंगतुंगपासून तैपेईपर्यंत सगळे मानतात. दहा वाजता धाकट्या दिराने, युंग-चेने, जुन्या मशीनमध्ये कोरी डिस्क घातली आणि ते देवळाच्या कचेरीला देऊन टाकलं.

बिघाड काय आहे ते मला लगेच कळलं. दोन्ही मशीनवर माझं नाव सारखंच होतं, पण मशीन नावाने ओळखत नाही. नावामागे ते स्वतःचा एक लांबलचक आकडा लावतं आणि त्या आकड्याने ओळखतं. फोल्डर जुन्या आकड्याचं होतं, मी नव्या आकड्याची. उपाय सरळ होता: मुख्य खात्यातून फोल्डर माझ्या नव्या खात्याच्या नावे करायचं. पाच मिनिटांचं काम. मुख्य खात्याचा पासवर्ड मात्र युंग-चेकडे होता. या घरात अकरा वर्षं अंडी मी उबवते, आणि नव्या कॉम्प्युटरवर मी साधी वापरकर्ती होते.

मी त्याला फोन लावला. तो काओशुंग शहरात होता, मागे गाण्याचा आवाज.

"वहिनी, पाकीट हिरवंच आहे ना वर? मग बिघडेल कसं?"

"पासवर्ड सांग."

"फोनवर सांगतात का पासवर्ड? संध्याकाळी येतोच आहे मी."

"संध्याकाळपर्यंत पिल्लं उपाशी मरतील."

"तुम्ही पण ना! इतक्या वर्षांचं तोंडपाठ नाही का तुम्हाला?" त्याने फोन ठेवला.

मी पुढच्या खोलीत गेले. सासरे खाद्याच्या व्यापाऱ्याला चहा पाजत होते. इवल्या पेल्यांत चहा ओतताना त्यांनी मान वर केली नाही.

"बाबा, युंग-चेला सांगा पासवर्ड द्यायला. फोल्डर उघडत नाहीये."

"कुलूप कोणी लावलं?"

"कुलूप नाही ते. डिस्क हलवली की जुनं खातं—"

"बाकी सगळ्यांची फोल्डरं उघडली. हिशेब उघडला, फोटो उघडले. तुझंच बंद." मग व्यापाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "शिकलेली सून आणली की असं होतं. घरातल्या घरात लपवालपवी."

व्यापारी हसला. बाकीच्यांच्या वस्तू सगळ्यांसाठी खुल्या होत्या म्हणून उघडल्या. माझं फोल्डर माझ्या खात्यात होतं, कारण कामगारांकडून एकदा आकडे पुसले गेल्यावर तसं ठेवायला सासऱ्यांनीच सांगितलं होतं. मी ते बोलून दाखवलं.

"मी सांगितलं? कधी?"

माझा नवरा मिंग-तुंग दारात पंपाचा पट्टा घेऊन उभा होता. तेव्हाही तो तिथेच होता, त्याने ते ऐकलं होतं. "जाऊ दे ना," तो हळूच म्हणाला. "पाहुण्यांसमोर कशाला?"

मी टाकीपाशी परत आले. एक पिल्लू काचपट्टीवर घेऊन बलक किती उरलाय ते पुन्हा पाहिलं. मासेपालनाच्या कॉलेजातली माझी मैत्रीण लिएन-हुआ दोन वर्षं सांगत होती, फांगल्याओ गावातलं माशांचं उबवणी केंद्र दोघी मिळून चालवायला घेऊ. दर वेळी मी म्हणायचे, हा हंगाम होऊ दे. मिंग-तुंगला हे ठाऊक होतं. सासऱ्यांना नव्हतं.

सासूबाईंनी फोन करून दटावलं तेव्हा दोनच्या सुमाराला युंग-चे आला, नवे बूट घालून. बलकाचा थेंब आता टाचणीच्या टोकाएवढा उरला होता. त्याने माझ्याकडे पाठ करून पासवर्ड मारला, चार ठिकाणी टिचक्या दिल्या. फोल्डर उघडलं. मी आकडे वाचले आणि धावले. सर्वांत बारीक जाळीतून रोटिफर गाळून टाकीत सोडले. काही वेळाने काचपट्टीवर घेतलेल्या पिल्लांपैकी बहुतेकांच्या पोटात करडा ठिपका दिसला. ती खात होती.

त्या दिवसाची नोंद करायला मी परत आले. वेळ, पाण्याचं तापमान, जाळी, सगळं भरलं. ते जतन होईना. मी पुढच्या खोलीत गेले.

"युंग-चे, हे काय केलंस?"

"फोल्डर माझ्या नावावर घेतलं. तुम्हाला पाहायची मुभा दिली आहे की." तो सासऱ्यांशेजारी बसून चहा पीत होता; व्यापारीही अजून गेला नव्हता. "काही भरायचं असेल तर मला सांगत जा, मी भरेन. परत कुलपाची भानगड नको."

"माझ्याच निरीक्षणांत मी लिहायचं नाही?"

"घरची आहेत ती निरीक्षणं," सासरे म्हणाले. "दिसतंय ना सगळं? मग आरडाओरडा कशाला?"

मी अजून आवाज चढवलाही नव्हता. मिंग-तुंग खाली बघत होता.

"बाबा," मी म्हणाले, आणि व्यापाऱ्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "ही पिल्लं बोटभर होईपर्यंत मी इथे आहे, कारण त्यांचा यात काही दोष नाही. त्यानंतर मी फांगल्याओला मैत्रिणीबरोबर स्वतःचं उबवणी केंद्र सुरू करते आहे. मिंग-तुंगला यायचं असेल तर त्याने यावं. मी जाणार आहे."