लेकीचा पब सोडून

रुपराव भोयर एकदा हट्टाला पेटले की पुष्पलताबाई त्यांच्याशी वाद घालत नसत. संसाराच्या इतक्या वर्षांत त्याचा कधी उपयोग झालेला नव्हता. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, हा भोयरांच्या घरचा रिवाज. नागपूरजवळच्या सावनेरला तो ठीक होता. पण दामिनी राहायची इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर. नागपूरहून दोन विमानं, एक टॅक्सी आणि एक बोट करून तिथं पोचलेल्या माणसानं तिथंही तोच रिवाज चालवावा, म्हणजे कमालच झाली.

त्यातून दामिनीचं घर तिच्या पबच्या वरच्या मजल्यावर. पब म्हणजे तिकडची गावोगावची खाणावळच. बार असतो, पण लोक पोराबाळांसकट जेवायला येतात. पहिल्या दिवशी तिनं सकाळपासून रांधून ठेवलं होतं. रुपरावांनी हात जोडले, सामान उचललं आणि गल्लीपलीकडच्या भाड्याच्या खोलीत मुक्काम ठोकला. दामिनीनं झाकलेली भांडी तशीच आत नेली.

मग सुरू झाली बाकीच्या पबांची वारी. पहिल्याच ठिकाणी रुपराव ऐटीत टेबलावर बसले आणि वेटरची वाट पाहत राहिले. कोणी फिरकेना. नागपूरलगतच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात त्यांनी उभा जन्म मॅनेजरकी केलेली, त्यांना हा अपमान कसा सोसावा? ते उठून चालले, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी समजावलं की इथं ऑर्डर काउंटरवर जाऊन द्यायची असते. तळलेला मासा आला, बोटाएवढे जाड बटाटे आले. पुष्पलताबाईंनी पर्समधून जवसाची चटणी काढली म्हणून ते घशाखाली उतरलं.

काउंटरवरच्या मालकीणबाईंनी विचारलं, कुठून आलात? रुपरावांनी नागपूर सांगितलं. आता हे कुठं आलं ते समजावून सांगावं लागणार, म्हणून ते घसा साफ करत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “म्हणजे दामिनीचं नागपूर?”

आमच्या सुटीच्या दिवशी आम्ही तिच्याकडेच जेवतो, असंही बाईंनी सांगून टाकलं. दुसऱ्या पबात तर आचारी हात पुसत बाहेर आला आणि दामिनीचे वडील म्हणून त्यांचा हात सोडेना. परत येताना रुपरावांची चाल बदलली होती. एरवी वाकून चालणारा माणूस छाती काढून चालत होता, आणि ते कोणाला दिसू नये म्हणून समुद्राकडे पाहत होता.

आठवड्याच्या शेवटी एका पबच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं दिसलं, नागपुरी मटण. रुपरावांनी हौसेनं मागवलं. आला तो पिवळा, गोडसर रस्सा. दामिनीसारखं आम्हाला जमत नाही, असं मालकानंच कबूल केलं. रुपरावांचा जीव नुसता जळला. त्या मटणापेक्षाही त्यांना स्वतःचाच राग आला होता.

पुष्पलताबाईंनी चमचा खाली ठेवला. “सारं बेट पोरीच्या हातचं खाऊन राहिलं,” त्या म्हणाल्या. “उपाशी कोन, तं तिचा बाप.”

रविवारी दुपारी रुपराव आपल्या पायांनी दामिनीच्या पबपुढे जाऊन उभे राहिले. आत मात्र पाऊल पडेना. दाराच्या चौकटीवर, तिकडच्या पद्धतीप्रमाणे, दारूविक्रीचा परवाना ज्याच्या नावावर त्याचं नाव रंगवलेलं होतं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. दामिनी रुपराव भोयर. लग्नानंतर नाव बदललं असेल, असंच ते धरून चालले होते.

दामिनी एप्रनवरच बाहेर आली. बाप कशात अडकलाय ते तिला न सांगता कळलं.

“घर वरतं आहे बाबा, तिथं तुमचा जावई राहते,” ती म्हणाली. “हे घर नोय. हे माहं वावर आहे. वावरात जेवाले कोनाची मनाई?”

रुपरावांना तेवढंच निमित्त हवं होतं. ते आत शिरायला निघाले, तर दामिनीच आडवी आली. सगळी टेबलं भरली होती, बाहेर लोक ताटकळत होते, आणि बुकिंगवाल्यांना उठवायला ती तयार नव्हती. सख्ख्या बापाला नंबर लावायला सांगते, म्हणून पुष्पलताबाई चिडल्या. रुपराव मात्र खूश. नंबर लावावा लागतो म्हणजे धंदा जोरात आहे, हे मॅनेजरला काय सांगायचं?

ते बाहेरच्या दगडी कठड्यावर ऐसपैस बसले, वावराच्या, शेताच्या बांधावर बसतात तसे. मागून येणाऱ्यांना आपल्या गोदामी इंग्रजीत सांगू लागले, आत जागा नाही, थांबा, थांबल्याचं चीज होईल. कोणी विचारलं नसतानाही सांगितलं, माझ्या लेकीचं आहे हे.

टेबल रिकामं व्हायची वाट दामिनीलाही पाहवली नाही. तिनं ताट बाहेरच आणलं. लाल तर्रीचं मटण, भाकरी, कांदा. बापाच्या हातात ताट देऊन ती समोर उभी राहिली, आतून हाका येत होत्या तरी हलली नाही. रुपरावांनी पहिला घास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटानं आलेलं नव्हतं. त्यांनी ते पुसलंही नाही.

ताट पुसून निघाल्यावर त्यांनी ते लेकीपुढे केलं.

“वाढ अजून वं,” ते म्हणाले. “आठ दिसाचं बाकी आहे.”